पहिली तीन वाक्यं

शर्वाणी पाटकर नेमकं काय काम करते, हे तिच्या आईला शेजारणींना कधीच धड सांगता आलं नाही. "ती पानं सुधारते," असं आई सांगायची आणि ऐकणारीला वाटायचं, विड्याचीच. वाडीतले लोक मग तिला गमतीनं पानवाली म्हणू लागले. शर्वाणीला त्याचा राग येत नसे. कुडाळजवळच्या त्या वाडीत, घरामागच्या पडवीत टेबल टाकून ती पुण्या-मुंबईच्या कंपन्यांची वेबपानं शोधयंत्रात वर चढवून देई, आणि या कामात तिचा हात धरणारं जिल्ह्यात कुणी नव्हतं.

ती कॉलेजात होती तेव्हा पान वर चढवणं सोपं होतं. लोक फोनवर काहीतरी टाइप करायचे आणि शोधयंत्र पानांची लांबलचक यादी दाखवायचं. यादीत वरची जागा हवी असेल, तर पानाच्या शीर्षकात, उपशीर्षकांत आणि पहिल्या परिच्छेदात योग्य शब्द पेरावे लागायचे. पान झटकन उघडावं, चित्रांना नावं असावीत, एका पानावरून दुसऱ्या पानावर जाता यावं, एवढं सांभाळलं की झालं. मग यंत्रांनीच लिहिलेल्या पानांचा पूर आला. सगळ्यांची शीर्षकं बिनचूक, सगळ्यांत शब्द जिथल्या तिथे. यातलं कोणतं पान माणसाच्या खरोखर कामाचं, हे शब्दांवरून ओळखता येईना.

त्यावर शोधयंत्र चालवणाऱ्यांनी जो उपाय काढला, त्यानं सगळा धंदाच बदलला. तोवर जवळजवळ प्रत्येकाच्या मनगटावर तब्येत मोजणारी पट्टी आलेली होती. लोक तिला मनगटी म्हणत. आपलं हृदय घड्याळासारखं एका चालीत चालत नाही. श्वास आत घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांबतात. जिवाला घोर लागला की हा फरक कमी होतो. घोर मिटला की मेंदूतून निघून छातीपोटापर्यंत गेलेला एक मज्जातंतू हृदयाला आवरतो, श्वास लांबतो, ठोक्यांमधला फरक पुन्हा वाढतो आणि हाताचे स्नायू सैल पडतात. आपण हुश्श म्हणतो ना, ते शरीरात असं उमटतं. उत्तर ऐकल्यावर माणसाचं शरीर हुश्श म्हणालं आणि त्यानं तो प्रश्न पुन्हा विचारला नाही, तर ते पान चांगलं, असा नियम ठरला. त्या मोजणीला समाधानांक असं नाव पडलं. यंत्र शब्दांची नक्कल करील, पण ऐकणाऱ्याच्या नाडीची नक्कल कशी करणार?

यादीही गेली. आता कानात घालायच्या छोट्या गुंडीतून एकच उत्तर ऐकू येई. सगळ्यांत जास्त समाधानांक असलेल्या पानाचं, आणि त्याचीही फक्त पहिली तीन वाक्यं. बाकीचं पान असे, पण ते मुद्दाम उघडून वाचणारा विरळाच.

त्यामुळे शर्वाणीला शब्द पेरण्याचं काम उरलं नाही. पानातलं आधी काय सांगायचं, नंतर काय, वाक्य कुठे लांबवायचं, ऐकणाऱ्याला श्वास सोडायला कुठे जागा द्यायची, हे ती पाही. ती लहानपणी गाणं शिकली होती. त्या कानाचा तिला इथे उपयोग झाला. तिनं हात लावलेलं पान ऐकताना माणसांचे खांदे खाली येत.

पुण्याच्या एका आरोग्यविषयक संकेतस्थळानं आपली प्रथमोपचाराची सगळी पानं तिच्याकडे सोपवली, तेव्हा त्यात सर्पदंशाचं एक पान होतं. ते तालुक्याच्या रुग्णालयातल्या डॉक्टर उदय परुळेकरांनी लिहिलेलं होतं. त्यांचं पहिलंच वाक्य असं होतं: मण्यार चावली तर दुखत नाही, सूज येत नाही, कधी खूणही दिसत नाही, आणि तरीही माणूस काही तासांत श्वास थांबून मरू शकतो. हे वाक्य ऐकलं की लोकांची नाडी उसळे, आणि ते घाईघाईनं दुसरं काहीतरी विचारत. समाधानांकात ते पान तळाला होतं. कुणाच्याही कानात ते पडत नव्हतं.

शर्वाणीनं पानातलं एकही वाक्य खोडलं नाही. तिनं फक्त क्रम बदलला.

आठवड्याभरात डॉक्टरांचा फोन आला. "शर्वाणीताई, माझं पहिलं वाक्य कुठे गेलं?"

"काढलेलं नाही, डॉक्टर. खाली आहे. नवव्या परिच्छेदात."

"नवव्या परिच्छेदापर्यंत कोण जातं?"

"आणि आधीच्या पानापर्यंत तरी कोण जात होतं? तुमचं पान कुणाला ऐकूच येत नव्हतं. आता निदान येईल. वर जे आणलंय तेही तुमचंच आहे. त्यात चूक काही असेल तर सांगा."

"आकड्यांनी बघितलं तर चूक नाही," डॉक्टर म्हणाले. "पण असं आहे, साप चावल्याचा संशय असलेल्या माणसाला मी मुद्दाम घाबरवतो. घाबरला की तो उठून दवाखान्यात येतो."

"आमच्याकडे घाबरलेला माणूस उठून दुसऱ्या पानावर जातो," शर्वाणी हसत म्हणाली.

आपलं हे उत्तर तिला फार आवडलं. पुण्याच्या कंपनीत तिचं काम बघणारा निमिष होता, त्यालाही तिनं ते ऐकवलं. पावसाळा संपेपर्यंत ते पान सगळ्या कोकणात पहिलं आलं. निमिषनं त्याचे आलेख काढून मालकांसमोर मांडले. काही ऐकणाऱ्यांचे आलेख तर नवल वाटावं असे होते. उत्तर ऐकल्यावर हळूहळू अंग पूर्ण सैल, पुढे कितीतरी वेळ हालचाल नाही, पुन्हा प्रश्न नाही. त्या आलेखांवर निमिषनं ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'संपूर्ण समाधान'.

*

अबोली मेस्त्री ही शर्वाणीची शाळेपासूनची मैत्रीण. लग्न होऊन ती शर्वाणीच्याच वाडीत आली, तेव्हा दोघींना आकाश ठेंगणं झालं होतं. पोफळीच्या बागेपलीकडे अबोलीचं घर आणि तिची रोपवाटिका. नवरा दिगंबर दशावतारात राजाची कामं करी. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, उभ्या उभ्या रचून म्हणायचे असतात, आणि दिगंबर बोलायला लागला की पार मागे भजी तळणारासुद्धा झारा हातात धरून ऐकत राही. घरात तिसरं माणूस त्याची आई, सुहासिनीकाकी.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी शर्वाणी दात घासत होती, तेव्हा पोफळीपलीकडून अबोलीची हाक आली. हाक कसली, किंकाळीच. शर्वाणी तशीच धावली. पडवीत चटईवर दिगंबर पडलेला होता. गालाला रात्रीच्या खेळाचा रंग तसाच होता. त्याच्या पापण्या मिटलेल्या होत्या आणि तो त्या उघडायचा प्रयत्न करत होता, पण त्या उघडत नव्हत्या. काहीतरी बोलू बघत होता, पण जीभ वळत नव्हती. शर्वाणीनं आणि अबोलीनं त्याला उचलून रोपं नेण्याच्या गाडीत घातलं. कुडाळ येईपर्यंत त्याचा श्वास इतका उथळ झाला होता, की अबोली त्याच्या नाकाशी हात धरून बसली होती.

डॉक्टर परुळेकरांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "मण्यार." प्रतिविष दिलं, नळी घातली, व्हेंटिलेटर लावला. बाहेर येऊन त्यांनी सांगितलं, की नसांच्या टोकांना एकदा चिकटलेलं मण्यारीचं विष प्रतिविषानंही लवकर सुटत नाही. श्वासाचे स्नायू आपले आपण चालू लागेपर्यंत त्याच्यासाठी यंत्रच श्वास घेणार, आणि त्याला किती दिवस लागतील ते सांगता येत नाही. "तासा-दोन तासांपूर्वी आणला असता तर बरं झालं असतं," एवढं बोलून ते आत गेले. जाताना त्यांनी शर्वाणीकडे पाहिलं.

अबोली बाकावर बसली होती. तिच्या हातांना अजून माती होती.

"पहाटे नाटकावरून आला," ती सांगू लागली. "आत उकडतंय म्हणून पडवीत आडवा झाला. थोड्या वेळानं म्हणाला, कोपराला मुंगी चावल्यासारखं झालं, आणि काहीतरी काळं लाकडांखाली गेलं. मी बॅटरी मारून बघितलं. खूणसुद्धा दिसेना गो. दुखतंय का म्हटलं, तर नाही म्हणाला. पण मी तशीच नाही बसले, शर्वाणी. मी विचारलं."

"कुणाला?" शर्वाणीनं विचारलं. खरं तर तिला विचारायची गरज नव्हती.

अबोलीनं कानातल्या गुंडीला हात लावला. "खिडकीतल्या स्पीकरवर लावलं, म्हणजे त्यालाही ऐकू येईल. शांत पडून राहा, म्हणालं. इतक्या मायेनं म्हणालं, की माझाच जीव खाली बसला. त्याला म्हटलं, पड तू. चहा करून दिला आणि रोपांना पाणी घालायला गेले. परत येऊन बघते तर..."

शांत पडून राहा. शर्वाणीनं ते शब्द निवडायला एक अख्खी दुपार घालवली होती. 'हालचाल करू नका' म्हटलं की लोकांचे हात ताठ होत. 'स्वस्थ राहा' कानाला कोरडं वाटे. 'शांत'मधल्या लांब स्वरावर ऐकणाऱ्याचा श्वास आपोआप सुटे, हे तिनं दहा जणांवर आजमावून बघितलं होतं.

"तुझी काही चूक नाही, अबोली," ती म्हणाली. पुढचं वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात काकी आल्या आणि ती गप्प बसली.

*

दिगंबर वाचला. पण व्हेंटिलेटरवर दिवस वाढत गेले, तेव्हा घशाला भोक पाडून नळी घालावी लागली. नळी निघाली, आवाज मात्र परत आला नाही. भात्यातून हवा निघावी तसे शब्द येत. शेजारच्या माणसालाही कान जवळ न्यावा लागे. नाटकमंडळीनं राजाचं काम दुसऱ्याला दिलं.

सुहासिनीकाकींनी सगळा दोष अबोलीच्या माथी मारला. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या सांगत, "डोळ्यांम्होरं घोव जाताहा आणि ही चाय करीत रवली. शिकलेली असान काय उपेग? वेळेर डोक्या चालाक व्हया." अबोली उलट बोलत नसे. एकदाच म्हणाली, की मी विचारलं होतं आणि मला असं असं सांगितलं. त्यावर काकी म्हणाल्या, "यंत्र असा कशाक सांगात? तूच आयकलंस उरफाटा." शेजाऱ्यांनाही काकींचंच खरं वाटलं. एवढं मोठं शोधयंत्र, ते काय साप चावलेल्याला झोप म्हणेल?

शर्वाणी त्या दिवसांत रोज त्यांच्याकडे डबा नेई. अबोली डबा घेई आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राही. शर्वाणी तिच्या पाठीवरून हात फिरवी आणि तेच म्हणे, "तुझी काही चूक नाही." घरी येताना प्रत्येक वेळी ती ठरवी, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी अबोलीचा चेहरा बघितला की वाटे, आज नको, आज ती फार खचली आहे. आणि अबोली जरा हसताना दिसली की वाटे, आज नको, आज ती बरी आहे.

आपण खरंच किती दोषी आहोत हे बघावं, कदाचित फारसे नसूच, अशा आशेनं तिनं एके दुपारी त्या पानाची आकडेवारी उघडली. शोधयंत्र ऐकणाऱ्यांची नावं देत नसे, पण तालुका आणि वेळ देई. ती सकाळ तिनं शोधून काढली. तिच्या तालुक्यातून त्या पहाटे हा प्रश्न एकदाच आला होता आणि उत्तर दोन मनगटींनी ऐकलं होतं. एक आलेख अबोलीचा असणार. नाडी आधी उसळलेली, तिसऱ्या वाक्याला खाली आलेली, मग चालण्या-फिरण्याची हालचाल. दुसरा दिगंबरचा. तो सुरुवातीला असाच उतरला होता, आणि मग उतरतच गेला होता. हाताचे स्नायू सैल, आणखी सैल, अगदी निपचित. पुन्हा प्रश्न नाही. शोधयंत्रानं त्याला सर्वांत वरचा समाधानांक दिला होता.

शर्वाणीला क्षणभर समजेना. मग समजलं, तेव्हा ती खुर्चीवरून उठून पायरीवर जाऊन बसली. विषानं लुळा पडत चाललेला हात मनगटीला निवांत पडलेल्या हातासारखाच दिसत होता. जीभ जड झालेल्या माणसानं पुन्हा प्रश्न विचारला नव्हता, म्हणून यंत्रानं ठरवलं होतं, की त्याचं समाधान झालं. मेलेला माणूसही पुन्हा विचारत नाही.

थोड्या वेळानं तिनं निमिषनं मांडलेले ते आलेख काढले. 'संपूर्ण समाधान'. देवगड, दापोली, शहापूर. त्यातली काही माणसं नुसतीच झोपी गेली असतील. काही नसतील. कोण कुठलं, हे तिला कधीच कळणार नव्हतं. आणि त्या प्रत्येक आलेखानं तिचं पान आणखी वर नेलं होतं, आणखी लोकांच्या कानात घातलं होतं. याच आलेखांकडे बोट दाखवून निमिष म्हणाला होता, "मॅडम, कमाल केलीत," आणि तिनं त्या संध्याकाळी आईसाठी खाजा आणला होता.

तिनं त्याच दिवशी परुळेकरांना फोन केला. डॉक्टरांनी आजूबाजूच्या रुग्णालयांतल्या सर्पदंशाच्या रुग्णांच्या तारखा मिळवल्या आणि दोघांनी त्या आलेखांशेजारी ठेवून बघितल्या. बऱ्याच जुळल्या. शर्वाणीनं सगळं नीट मांडून शोधयंत्राच्या कंपनीला पाठवलं. कंपनीनं आधी टाळाटाळ केली, मग स्वतः तपासलं, आणि शेवटी नियम बदलला. विष, हृदय, मेंदू आणि श्वास यांच्याविषयीच्या प्रश्नांना समाधानांक लागणार नाही, तिथे डॉक्टरांनी ठरवलेलं वाक्यच आधी ऐकवलं जाईल, आणि थोड्या वेळानं यंत्र स्वतःहून विचारेल, निघालात का? पुण्याच्या संकेतस्थळानं शर्वाणीचं काम काढून घेतलं. त्याचं तिला काही वाटलं नाही.

कंपनीला पाठवलेल्या मजकुरात तिनं एक वाक्य लिहिलं होतं: 'या पानातला महत्त्वाचा इशारा खालच्या परिच्छेदात गेलेला होता.' तो तिथे कुणी नेला, ते लिहिलं नव्हतं.

*

तालुक्यातल्या डॉक्टरांच्या संघटनेनं तिचा सत्कार ठरवला. तिनं नको म्हटलं, पण जोर लावून म्हटलं नाही. सभागृह भरलेलं होतं. एका वक्त्यानं तिला कोकणची लेक म्हटलं. संघटनेच्या अध्यक्षांनी शाल पांघरली, हातात श्रीफळ दिलं, फोटो निघाले. तिसऱ्या रांगेत अबोली बसलेली होती. दिगंबरला घरी काकींपाशी ठेवून ती मुद्दाम आली होती आणि सगळ्यांत जास्त टाळ्या तीच वाजवत होती.

सूत्रसंचालन परुळेकरांकडे होतं. त्यांनी माइक शर्वाणीपुढे केला. "दोन शब्द बोला, शर्वाणीताई," ते म्हणाले, आणि माइक देऊनही जरा वेळ तिथेच उभे राहिले.

शर्वाणीनं समोर बघितलं. तिनं डॉक्टरांचे आभार मानले, संघटनेचे मानले, आईचे मानले. पुन्हा टाळ्या झाल्या.

खाली उतरताना परुळेकर तिच्या शेजारून चालत होते. "मला वाटलं होतं, आज बोलाल," ते हळूच म्हणाले. त्यांचा आवाज रागावलेला नव्हता. त्यांना नुसतं वाईट वाटलं होतं. शर्वाणीनं नुसती शाल सावरली.

परतताना ती अबोलीच्या गाडीत बसली. दुपारचं ऊन होतं. मागे कलमांच्या पिशव्या हिंदकळत होत्या.

"आता दुसऱ्या कुणाचं असं नाही होणार," अबोली म्हणाली. "तुझ्यामुळे गो. त्या सकाळी तुझ्यातली चिमूटभर अक्कल मला असती ना..."

"काकी अजून बोलतात?"

"आता बोलत नाहीत. माझ्याशी काहीच बोलत नाहीत." अबोली रस्त्याकडे बघत होती. "दिगंबर काल म्हणाला, जरा आधी निघायला हवं होतं. मला दोष द्यायला नाही म्हणाला तो. सहजच म्हणाला. पण मला वाटलं, कुठेतरी निघून जावं. रोपं बघायला येणारं कुणीतरी मिळालं असतं तर गेलेही असते."

शर्वाणीनं तिच्याकडे बघितलं. अबोलीनं ते शांतपणे सांगितलं होतं, आणि म्हणूनच ते खरं होतं.

"मला घरी नको सोडूस," शर्वाणी म्हणाली. "तुझ्याकडे चल. काकी आणि दिगंबर असतील ना?"

पडवीत काकी वाल सोलत बसल्या होत्या. दिगंबर खुर्चीत होता. काकींनी शाल बघितली आणि पाट पुढे सरकवला. "ये गो बाय. मोठी झालंस."

शर्वाणी बसली नाही. "काकी, मला एक सांगायचंय. अबोलीनं त्या दिवशी उरफाटं ऐकलं नव्हतं. तिला तसंच सांगितलं होतं. ते पान मी तयार केलं होतं. डॉक्टरांनी पहिल्याच वाक्यात लिहिलं होतं, की न दुखणाऱ्या दंशानंही माणूस मरतो. ते वाक्य मी खाली नेलं, कारण ते ऐकून लोक घाबरत होते आणि पान वर येत नव्हतं. डॉक्टरांनी मला तेव्हा सांगितलंही होतं. मी हसले."

काकींच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांना सगळं कळलं होतं की नाही, कोण जाणे. अबोलीला कळलं होतं.

"तुला हे कधीपासून माहीत होतं?" अबोलीनं विचारलं.

"हॉस्पिटलात. तू बाकावर बसून सांगितलंस तेव्हाच."

"तेव्हाच." अबोली खांबाला धरून उभी राहिली. "आणि तू रोज डबा घेऊन यायचीस. माझ्या पाठीवरून हात फिरवायचीस आणि म्हणायचीस, तुझी चूक नाही."

"नव्हतीच, अबोली."

"पण कुणाची होती ते नाही म्हणालीस."

पानाचं शर्वाणीला निदान कारण देता आलं असतं, की हा धंदाच असा होता, तिच्यासारखे शेकडो लोक हेच करत होते. डब्यांचं काय कारण देणार?

"ऐकव," अबोली म्हणाली. "मी त्या पहाटे काय ऐकलं ते काकींना ऐकव. माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही."

"ते पान आता बंद..."

"तुला पाठ असेल."

पाठ होतं. शर्वाणीनं खाली बघत पुटपुटायला सुरुवात केली.

"असं नाही," अबोली म्हणाली. "त्या यंत्राकडून जसं म्हणवून घेतलंस, तसं."

मग शर्वाणीनं मान वर केली आणि ज्या लयीत ते बांधलं होतं, त्याच लयीत, जिथल्या तिथे थांबत म्हटलं: "घाबरू नका, आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी असतात. चावल्याची खूण, वेदना किंवा सूज दिसत नसेल, तर काळजीचं कारण नसण्याचीच शक्यता जास्त. शांत पडून राहा, थोडं पाणी प्या, आणि शरीराकडे लक्ष असू द्या."

तिचं बोलणं ऐकताना वर चढलेले काकींचे खांदे खाली आलेले तिला दिसले. म्हणताना तिचा स्वतःचाही श्वास लांबला होता. इतकं सगळं झाल्यावरही ती वाक्यं आपलं काम करत होती.

काकींनी हातातली शेंग सुपात टाकली आणि सुनेकडे वळल्या. "ह्या माका सांगला असता," त्या म्हणाल्या, "तर मी पण तेका निजयला असता." आणि जागेवरूनच हात लांब करून त्यांनी अबोलीला आपल्याकडे ओढलं. अबोली त्यांच्या मांडीशी बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मोठ्यानं रडली.

आता आपलं इथे काही काम नाही, हे शर्वाणीला कळलं. ती पडवीची पायरी उतरू लागली. कुणी तिला बस म्हटलं नाही, ये म्हटलं नाही.

"शर्वाणी," दिगंबरनं हाक मारली. ती त्याच्या जवळ गेली आणि ऐकू यावं म्हणून वाकली. त्याच्या घशातून आधी नुसती हवा आली, मग शब्द.

"चांगलं... बांधलंस गो," तो म्हणाला. "थांबे... अगदी बरोबर जागी."

त्यात टोमणा नव्हता. उभा जन्म वाक्यं म्हणण्यात घालवलेल्या माणसानं एक वाक्य ऐकलं होतं आणि त्याला दाद दिली होती. शर्वाणीनं मान हलवली, की तिची आपोआप हलली, ते तिलाही कळलं नाही. सत्काराची शाल अजून खांद्यावर होती. ती काढावी असं तिच्या मनात आलं, पण तिथे सगळ्यांदेखत ती काढायचंही तिला धैर्य झालं नाही. ती तशीच, शाल पांघरून, पोफळीच्या बागेतून घराकडे चालत गेली.